वॅटचा आकडा आणि आईचे कान

2019 साली थकबाकीची रक्कम हाती आली, तेव्हा घरात चांगले स्पीकर घ्यायचे ठरविले. मी बी.कॉम. झालेला कारकून, आकड्यांवर पोट भरणारा माणूस. दुकानात खोक्यावर ‘4000 वॅट पीएमपीओ’ असे वाचले आणि आकड्यालाच भुललो. आठ हजार रुपये मोजले.

घरी येऊन आईला प्रल्हाद शिंदे यांचे गाणे लावून दिले. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “बाळा, ढोलकी लई घुमते, पण शब्द काही कळंना.”

माझा चेहराच उतरला. आई शाळेत गेलेली नाही. बाबासाहेबांचे विचार तिला कळले ते गाण्यांच्या शब्दांतून. तेच शब्द आठ हजार रुपये घालून मी बुजवून टाकले होते!

वस्तीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राला बोलावले. तो हसला. म्हणाला, “पीएमपीओ हा क्षणभराच्या धक्क्याचा फुगविलेला आकडा. खरी ताकद आरएमएस वॅटमध्ये बघायची. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो.” आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला दर स्पीकरमागे 20-30 आरएमएस वॅट पुष्कळ होतात, हे तेव्हा कळले.

त्याने आणखीही काही गोष्टी सांगितल्या. संवेदनशीलतेचा आकडा पाहावा. 85 डेसिबलच्या स्पीकरला जितके वॅट लागतात, त्याच्या निम्म्यात 88 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज देतो. अँप्लिफायर 8 ओहमच्या स्पीकरसाठी असेल तर त्याला 4 ओहमचा जोडू नये, तो तापून जळू शकतो. जड आवाजासाठी वूफर आणि बारीक आवाजासाठी ट्विटर असे दोन्ही असावेत. खोके बोटाने ठोकून पाहावे. डबडब वाजले तर गाण्यासोबत खोकेही वाजणार.

मग त्याने माझी चूक दाखविली. मी दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, जमिनीवर ठेवले होते. कोपऱ्यात जड आवाज फुगतो आणि त्याखाली शब्द दबतात. आम्ही ते भिंतीपासून हातभर पुढे आणले, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे स्टुलावर ठेवले, समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगली. निम्मा दोष तिथेच गेला. उरलेला स्पीकरचाच होता, तो तसाच राहिला.

2022 साली ते विकून लहानशी जुनी जोडी घेतली. या वेळी आईला दुकानात बरोबर नेले. दुकानदाराने सवयीने आवाज मोठा केला. आई म्हणाली, “दादा, बारीक कर.” तिच्या पाठ असलेले गाणे हळू आवाजात लावले. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि गाण्याबरोबर ओठ हलवू लागली. मी किंमत विचारली.

बंधू-भगिनींनो, कष्टाचा पैसा आहे. स्पीकर घ्यायला जाताना पाठ असलेले गाणे घेऊन जा. ते हळू आवाजात ऐका, आणि शब्द न् शब्द कळला तरच खिशात हात घाला. घरात वडीलधारे माणूस असेल तर त्यांनाही सोबत न्या. खोक्यावरचा आकडा त्यांना वाचता येत नसेल, पण गाणे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.