वायनरीतला माझा विद्यार्थी

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षं होत आली. या वीस वर्षांत शराब, साकी, जाम, पैमाना, मयखाना हे शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, हिशेब नाही. दरवर्षी मागच्या बाकावरचं एखादं धीट पोर विचारतंच, "आपा, आपल्यात हराम आहे ना? मग शायर लोक दुसऱ्या कशावर का लिहीत नाहीत?" माझं उत्तर ठरलेलं. शराब म्हणजे इश्क, साकी म्हणजे देणारा, मयखाना म्हणजे जिथे ढोंग चालत नाही ती जागा. मग मी रियाज खैराबादींचं नाव घेते. आयुष्यभर त्यांनी शराबेवर शायरी केली आणि थेंबही चाखला नाही, असं सांगितलं जातं. वर्ग गप्प होतो. गालिबचं काय, असं कुणी विचारायच्या आत घंटा वाजली तर बरं वाटतं.

हे सगळं शिकवणाऱ्या बाईने स्वतः वाईनची उघडी बाटलीसुद्धा जवळून पाहिलेली नव्हती. त्याची कधी गरजही वाटली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली काही वर्षं सांगलीत होते, साताऱ्याला नंतर आले. तो त्या सांगलीच्या शाळेतला. त्याची आई माझ्या माहेरच्या मोहल्ल्यातली, मी तिला खाला म्हणते. मुलगा मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाला, दोन वर्षं पॅथॉलॉजी लॅबचे उंबरे झिजवले, आणि शेवटी पलूसच्या बाजूला एका घरगुती वायनरीत त्याला काम मिळालं. लॅबमध्ये. पगार वेळेवर, वागणूक चांगली. अडचण एकच होती. खाला त्याचा पगार हातात घेत नव्हती.

म्हणजे घ्यायची, पण वेगळ्या डब्यात ठेवायची. बँकेच्या व्याजाचे पैसे आपल्याकडे काही लोक ठेवतात ना, तसे. त्यातून लाइट बिल भरायचं, संडासाचा पाइप बदलायचा, पण पीठ-तांदूळ आणायचा नाही. रमजान महिन्यावर आला होता. इफ्तारीचा खजूर या पैशातून येणार नाही, असं तिने त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"आपा, तुम्ही एकदा येऊन बघा. मग अम्मीला तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? मी काय मुफ्ती आहे?"

"मुफ्तीसाहेब काय सांगणार ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त बघा."

आमचे मिस्टर म्हणाले, "जा, पण स्टेटसला फोटो ठेवू नकोस."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी माहेरी सांगलीत होते. सकाळच्या एसटीने पलूसला उतरले, तिथून त्याच्या मोटरसायकलवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मध्ये मध्ये बेदाण्याची शेडं. या भागातल्या माणसाला द्राक्ष म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तासगाव, पलूस, मिरज, सगळं त्यावर चालतं. माझे अब्बा बागवान. सांगलीत हातगाडीवर फळं विकायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीवर दुसरं काही नसायचंच. घड हातात धरून, न तोडता, ते सांगायचे की हा आज विकायचा की उद्या चालेल. संध्याकाळी गळलेले मणी निम्म्या भावात जायचे आणि उरलेले आमच्या घरी यायचे. अजून मला सुट्टे मणीच जास्त गोड लागतात.

बेदाण्यावरून आठवलं. हा शब्द मी वर्गात हमखास सांगते. बे म्हणजे विना, दाना म्हणजे बी. फारसी शब्द तासगावच्या सौद्यात अडते आणि हमाल दिवसभर ओरडतात आणि कुणाला तो परका वाटत नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमध्ये जाळीवर सावलीत पंधरा-वीस दिवस वाळवायचे. त्या दिवसांत पाऊस आला की वर्ष गेलं.

वायनरी म्हणजे मी काहीतरी मोठं डोळ्यांसमोर आणलं होतं. होतं ते असं: शेतातलं घर, त्याला लागून पत्र्याची उंच शेड, आत सात-आठ स्टीलच्या टाक्या, एका कोपऱ्यात एसीची खोली आणि बाहेर आंब्याखाली चार टेबलं. दूध डेअरी म्हणून दाखवली असती तरी मी विश्वास ठेवला असता. दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पाच-सहा कामगार मिळून चालवतात. सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि इकडे पलूसला वाईन पार्क काढलं, त्या वाऱ्यात यांनीही वाईनची वेल लावली. नंतर बाजार बसला. कित्येकांनी वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. यांनी तीन एकर ठेवली.

मुलाने आधी मला वेलीवरचा एक मणी खायला दिला. शिराज. काळा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड आणि आत बिया. बेदाण्याच्या मुलखात बियांचं द्राक्ष! पण गोडी अशी की दातांना झिणझिण्या आल्या. "खायच्या द्राक्षापेक्षा साखर जास्त असते, आपा. तेवीस-चोवीस ब्रिक्सला तोडतो." लहानपणी नऊचा पाढा चुकणारं हे पोर आता ब्रिक्स आणि पीएच सांगत होतं. मला त्याचा जो अभिमान वाटला तो मी लपवला नाही.

शेडमध्ये शिरताना त्याने बजावलं की टाकीवर वाकायचं नाही. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो खाली साठतो, माणूस चक्कर येऊन आत पडू शकतो. लाल वाईनच्या टाकीत सालं वर तरंगून जाड थर झाला होता. एक कामगार लाकडी दांड्याने तो खाली दाबत होता. रंग त्या सालांतून उतरतो. आतला गर काळ्या द्राक्षाचाही जवळजवळ पांढराच असतो. हे मला माहीत नव्हतं. वास आला तो मला ओळखीचा वाटला आणि कुठला ते आठवेना. मग आठवलं. नानखटाई आणि पाव करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या भट्टीचा, पहाटेचा.

"हे सगळं कोण करतं माहीत आहे का?" तो म्हणाला. "यीस्ट. साखर खातं आणि अल्कोहोल करतं."

"खमीर," मी म्हटलं.

शिक्षकाची खोड जात नाही. तिथेच उभं राहून मी त्याला सांगितलं की खमीर, खम्र आणि खिमार एकाच धातूचे. अर्थ झाकण्याचा. खम्र म्हणजे अकलेवर पडदा टाकणारी, खिमार म्हणजे ही माझ्या डोक्यावरची ओढणी. तो हसला. "म्हणजे मी पडद्याच्या खात्यात आहे."

तू पितोस का, हे विचारायचं होतं. त्यानेच सांगितलं. "तोंडाला लावत नाही, आपा. मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं काम हायड्रोमीटरचं, टायट्रेशनचं आणि नाकाचं. चव धाकट्या वहिनी घेतात."

धाकट्या वहिनींनीच पुढे चव घेण्याचा कार्यक्रम केला. पुण्याचं एक जोडपं आणि कोल्हापूरचे चार मित्र आले होते. ग्लास कांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. नको असेल तर शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा. ते भांडं आमच्याकडच्या पिकदाणीसारखं होतं. वहिनींनी न विचारता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि पुढे बोलत राहिल्या, जसं काही विशेष घडलंच नाही. हे त्यांनी इतक्या सहज केलं की मला बरं वाटलं.

पुण्याच्या बाईंना मात्र राहवलं नाही. "तुम्ही इथे? म्हणजे, छानच वाटलं. तुमच्यातले लोक येत नाहीत ना सहसा." कोल्हापूरकरांपैकी एकाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, "वास घ्यायला काय हरकत आहे, ताई? वासाला पाप नसतं." सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी आपण सगळ्यांच्या वतीने तिथे बसलेले असतो. घेतलं असतं तर एक बातमी झाली असती, नाही घेतलं तर दुसरी. वास मी घेतला, खरं सांगते. आंबट, थोडा मिरीसारखा, आणि मागे कुठेतरी जांभूळ. उर्दूत दारूला दुख्तर-ए-रज, वेलीची मुलगी, म्हणतात. आपल्याकडे माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या एका अनुवादाला नावच द्राक्षकन्या दिलं. वीस वर्षं शब्दाचा अर्थ सांगितला आणि मुलगी पहिल्यांदा आज पाहिली, असं मनात आलं. मी ग्लास परत ठेवला.

टेबलावरून उठून मी घराकडे गेले. ओट्यावर आजोबा बसले होते, मालकांचे वडील. गळ्यात तुळशीची माळ. मी सलाम करायला हात उचलला, त्यांनी आधीच "राम कृष्ण हरी" म्हटलं.

"घेतली न्हाई न्हवं?"

"नाही आजोबा. आमच्यात चालत नाही."

"आमच्यातबी कुठं चालती? माळकरी हाय मी. चाळीस वर्सं वारी केली." त्यांनी सुनेला हाक मारून दोन पेले रस आणायला सांगितला. सकाळीच दाबलेला, खमीर न घातलेला. पेला हातात आल्यावर मला एक हदीस आठवली: मनुका पाण्यात भिजवून ते पाणी दोन-तीन दिवसांच्या आतच पीत, त्यानंतर नाही. हा तर आजचाच होता. बागवानाच्या मुलीला आणि माळकऱ्याला तो सारखाच गोड लागला असणार.

मी विचारलंच. तुमच्याच घरात हे चालतं, मग मनाला कसं पटवता?

आजोबा थोडा वेळ गप्प होते. "२०२२ ला ते सुपरमार्केटात वाईन ठेवायचं निघालं, तवा साताऱ्याला आमची वारकरी मंडळी रस्त्यावर आली. मलाबी निरोप आला. मी गेलो न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ? आन हितं पोरांनाबी न्हाई म्हणालो न्हाई. दोन वर्सं फुलोऱ्यात पाऊस पडला, बँकेची माणसं दारात आली, तवा ह्या टाक्यांनीच तारलं." मग हळूच म्हणाले, "पर माझं जेवान बेदाण्याच्या पैशावर हाय. पाच एकर खायाची द्राक्षं हायती, तेचा हिशेब म्या येगळा ठिवलाय. वारीचा खर्चबी तेच्यातनंच."

मला खालाचा डबा आठवला.

"तुमच्यात काय सांगत्यात?" त्यांनी विचारलं. "दारू करनाऱ्याला द्राक्षं इकली तर?"

हे मला नेमकं माहीत होतं, कारण अब्बांनी एकदा मौलानांना विचारलं होतं. इमाम अबू हनीफा म्हणतात, द्राक्ष विकणाऱ्याला दोष नाही. त्यांचेच दोन शिष्य ते नापसंत करतात.

"म्हंजे तुमच्यातबी दोन मतं."

"दोनावर थांबलं तर बरं, आजोबा."

ते खळखळून हसले. पण मला पूर्ण हसता आलं नाही. ती दोन मतं द्राक्ष विकणाऱ्याबद्दल आहेत. रस दाबणारा, वाहून नेणारा, वाढणारा, विकणारा, किंमत खाणारा, यांच्याबद्दलची हदीस सरळ आहे, तिथे शिष्यांचा मतभेद कामी येत नाही. आणि हायड्रोमीटर धरणाऱ्याला कुठल्या रांगेत बसवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

स्टँडवर सोडताना मुलगा म्हणाला, "मागच्या वर्षी एक छोटी टाकी बिघडली, आपा. सिरका झाला. मालक डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, काका, आता हे माझ्यासाठी हलाल झालं." आपोआप सिरका झालेली दारू पाक मानतात, हे खरंच आहे. मग तो गंभीर झाला. लॅबसाठी आणखी तीन ठिकाणी अर्ज केलेत, म्हणाला, एक साताऱ्याच्या एमआयडीसीतलं, एक दुधाचं. "मिळालं तर जाईन. पण इथून पळून जातोय असं करून नाही जाणार. या लोकांनी मला माझ्या नमाजेची वेळ कधी विचारायला लावली नाही, आपा. जुम्याला स्वतः गाडीची चावी देतात."

"अम्मीला काय सांगू?" मी विचारलं.

"जे बघितलं ते."

संध्याकाळी खालाच्या घरी गेले. तिने चहा टाकला. डबा मांडणीवर, वरच्या फळीवर होता. तिने तिकडे बघितलं नाही, मीही नाही. बराच वेळ ती माझ्या मुलांचं, साताऱ्याच्या थंडीचं विचारत राहिली. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "कैसी है जगा? पाक है?"

वर्गात मी साफ आणि पाक यांतला फरक दर वर्षी सांगते. मुलांना उदाहरणं लिहायला लावते.

"साफ आहे, खाला," मी म्हटलं. "खूप साफ आहे. आणि तो हात लावत नाही."

तिने बशी माझ्यापुढे सरकवली आणि चहा निवायच्या आत पी म्हणाली.