अकस्मात् आणि पायगुण

‘अकस्मात्’ हा शब्द आपल्या बोलण्यांत फार स्वस्त झाला आहे. ज्यास ‘कशामुळें’ हा प्रश्न लागू पडत नाहीं तें अकस्मात्, असा त्याचा मूळ अर्थ; परंतु कारणावांचून कांहीं घडतें हें मानावयास आपलें मन तयार नसतें. मग खरें कारण हातीं लागेपर्यंत तें एखादें जवळचें, सोयीचें आणि उलट न बोलणारें कारण शोधून काढतें. आमच्या घरांतील संगणकाच्या दुखण्यानें गेल्या वर्षीं मला हें चांगलें पटवून दिलें. म्हणून तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहे.

हा संगणक माझ्या पुतण्यानें सुटे भाग आणून घरींच जुळविलेला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएमपीएस, कॅबिनेट, सारें पारखून घेतलेलें. दोन वर्षें यंत्रानें तक्रार म्हणून केली नाहीं. दादा त्यावर प्राप्तिकराचे कागद करीत, वहिनी कीर्तनें ऐकत, आणि मुलें अभ्यासाच्या नांवाखालीं खेळत. पुढें पुतण्याचें लग्न झालें. सूनबाई नकाशे तयार करणाऱ्या एका कार्यालयांत आहे. आठवड्यांतून तीन दिवस ती घरूनच काम करी. ती आल्यावर महिन्याच्या आंतच यंत्र मध्येंच बंद पडूं लागलें. केव्हां निळा पडदा येऊन इंग्रजी अक्षरें उमटत. केव्हां तेंहि नाहीं, यंत्र आपोआप पुन्हां सुरू होई. कधीं दिवसांतून तीनदां, तर कधीं आठवडाभर एकदांहि नाहीं.

घरांत जितकीं माणसें तितकीं निदानें झालीं. दादा म्हणत, आपल्या पेठेंतील वीजच वाईट. मुलें म्हणत, व्हायरस शिरला. वहिनी एके दिवशीं जेवतांना सहज म्हणाल्या, “दोन वर्षें कसें बरें चाललें होतें हो!” यापलीकडे त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु ‘पायगुण’ हा शब्द उच्चारावा लागत नाहीं. पंगतींतल्या प्रत्येकास तो ऐकूं येतो. सूनबाईनें मुकाट्यानें जेवण आटोपलें आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज कार्यालयांत जाऊं लागली. जाण्यायेण्याचे दोन तास तिनें पत्करले. ती घरीं नसतांनाहि यंत्र पूर्वीसारखेंच बंद पडत होतें. पण ही गोष्ट कोणाच्या हिशेबांत आली नाहीं.

शेवटीं तिनेंच एक वही घातली. तारीख, वेळ, त्या वेळीं कोण काय करीत होतें आणि पडद्यावर काय आलें, असे चार रकाने. रात्रीं जेवणें झाल्यावर नवराबायको तपासास बसत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि तिचा निकाल लागल्यावांचून दुसरीस हात लावावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. मीं आयुष्य हिशेब तपासण्यांत घालविलें असल्यामुळें ही रीत पाहून मला समाधान वाटलें.

प्रथम उष्णता पाहिली. भर कामांतहि प्रोसेसरचें तापमान ७० अंशांपुढें गेलें नाहीं. शिवाय यंत्र कित्येकदां स्वस्थ असतांनाच बंद पडे. नंतर यूपीएस जोडला, फरक नाहीं. मित्राकडून दुसरा एसएमपीएस मागून आणून लावला, फरक नाहीं. नव्या डिस्कवर विंडोज प्रथमपासून बसविली. व्हायरसाची शंकाहि गेली. विंडोजच्या नोंदींत ४१ क्रमांकाची घटना वारंवार दिसे. पण तिचा अर्थ इतकाच कीं, यंत्र रीतीप्रमाणें बंद न होतां पुन्हां सुरू झालें. त्यांत मृत्यूची नोंद होती, रोगाचें नांव नव्हतें. वहींतील चौथा रकाना मात्र बोलका निघाला. निळ्या पडद्यावरचे शब्द दर वेळीं निराळे होते. दोषाचें नांव जेव्हां रोज बदलतें, तेव्हां सर्वच कामांस लागणाऱ्या एखाद्या भागावर संशय घ्यावा लागतो. आणि रॅम हा तसा भाग आहे.

मेमटेस्ट नांवाचा एक कार्यक्रम आहे. विंडोज सुरू होण्यापूर्वींच तो पेनड्राइव्हवरून चालवितात. तो रॅममध्यें ठराविक आकडे लिहितो व पुन्हां वाचून ताडून पाहतो. यंत्रांत आतां चार पट्ट्या होत्या. कारण नकाशांच्या कामास १६ जीबी अपुरी पडते म्हणून लग्नानंतर त्याच नांवाच्या, त्याच वेगाच्या आणखी दोन आणल्या होत्या. चारी ठेवून रात्रभर तपासणी केली, तों मध्यरात्रीनंतर चुका दिसूं लागल्या. दुसऱ्या रात्रीं केवळ जुन्या दोन ठेवल्या. एकहि चूक नाहीं. तिसऱ्या रात्रीं केवळ नव्या दोन, तरीहि नाहीं! दोन्ही जोड्या निर्दोष होत्या. एकत्र त्या वेगानें चालणें मात्र त्यांस झेपत नव्हतें.

पट्टीवर छापलेला ३६०० हा आकडा म्हणजे सेकंदास ३६० कोटी देवघेवी. हा वेग आपोआप मिळत नाहीं. बायोसमध्यें जाऊन तो चालू करावा लागतो, आणि कारखान्यांत त्याची खात्री एका संचापुरतीच करून घेतलेली असते. चार पट्ट्यांनीं प्रोसेसरवरील भार वाढतो. म्हणूनच प्रोसेसरच्या माहितीपत्रकांत चारांसाठीं बहुधा कमी वेग दिलेला असतो. त्यांनीं वेग २६६६ वर उतरविला. त्या दिवसापासून यंत्र एकदांहि पडलें नाहीं, आणि कामांतील मंदपणा कोणास जाणवलाहि नाहीं.

रॅममधील एक अंक उलटला तर यंत्र बंद पडतें, हें एका परीनें बरेंच. तो हिशेबांत उलटला तर कोणास न कळतां आकडा बदलतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारीं यंत्रावर काम लावून ठेवी. यंत्रास चूक आढळली कीं तें काम टाकून देई. यंत्रास चूक झाल्याचें कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये, या त्राग्यांतून त्यानें चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धति बसविली व १९५० सालीं प्रसिद्ध केली. मोठ्या सर्व्हरांतील रॅममध्यें अशी सोय असते. घरगुती यंत्रांत ती सहसा नसते. तेथें वहीच उपयोगी पडते.

वही मला दाखवितांना सूनबाई म्हणाली, “काका, मी आल्यावरच यंत्र बिघडलें हें खोटें नाहीं. पण तें माझ्या पायांनीं नव्हे, माझ्यासाठीं आणलेल्या पट्ट्यांनीं.” ती वही मीं वहिनींच्या हातीं दिली. त्यांनीं तारखा वाचल्या. सून घरीं नसल्याच्या दिवसांवर त्यांचें बोट थोडें थांबलें. पुढच्या सोमवारीं त्या तिला म्हणाल्या, “आज घरूनच कर गं काम. चहा मी तेथेंच आणून देतें.”

कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, यास आपल्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्याय असें नांव देऊन ठेवलें आहे. तो आपण मुलांस पाठ करवितों. पण घरांत नवीन आलेल्या माणसाच्या बाबतींत मात्र तो आपल्यास आठवत नाहीं. यंत्र बिघडो, धंदा बसो, कीं कोणी आजारी पडो, दोष देण्यापूर्वीं चार रकान्यांची एक वही घालावी. फार तर आठ आठवडे लागतात; आणि तेवढ्या काळांत एखाद्या निरपराध माणसाच्या मनाला पडणारी गांठ टळते.