आधी प्रश्न, मग विंडो

साखर कारखान्यातला बॉयलर फीड पंप थरथरू लागला की दोन तट पडतात. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, अलाइनमेंट बिघडलंय. मेकॅनिकलवाले म्हणतात, दोष मोटरमध्येच आहे. दोन्ही दोषांची खूण स्पेक्ट्रममध्ये जवळजवळ एकाच जागी उमटते. 2980 आरपीएमने फिरणाऱ्या दोन पोलच्या मोटरच्या गतीची दुप्पट 99.33 हर्ट्झ, आणि 50 हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे उठणारं चुंबकीय कंपन 100 हर्ट्झ. मध्ये पाऊण हर्ट्झही अंतर नाही. निदान चुकलं तर कपलिंग उगाच खोललं जातं, नाहीतर धडधाकट मोटर रिवाइंडिंगला जाते.

ॲनालायझरवर 200 हर्ट्झची रेंज आणि 400 लाइन्स लावल्या, तर रेकॉर्ड दोन सेकंदांचा आणि लाइन अर्ध्या हर्ट्झची. पडद्यावर एकच जाड सुळका दिसतो. 1600 लाइन्स घेतल्या की रेकॉर्ड आठ सेकंदांचा होतो, लाइन 0.125 हर्ट्झवर येते आणि त्या सुळक्याचे दोन होतात. उंच कोणता, ते तेव्हा कळतं. मात्र त्या आठ सेकंदांत लोड स्थिर हवा. वेग सरकला तर 99.33 ची रेघ पसरते.

इथे मी हॅनिंग विंडो लावतो. रेकॉर्डची दोन्ही टोकं ती शून्यावर आणते, त्यामुळे मोठ्या सुळक्याची गळती लहानाला झाकत नाही. पण कंपन दोन लाइन्सच्या बरोबर मध्ये पडलं, तर उंची सुमारे 15 टक्के कमी दिसते. अचूक उंची हवी तेव्हा फ्लॅट टॉप घ्यावी. तिचे सुळके मात्र इतके रुंद, की हे दोन शेजारी पुन्हा एकमेकांत मिसळू लागतात. हातोडी मारून केलेल्या बंप टेस्टला यातली कुठलीच चालत नाही. ठोक्याचा सारा जोर रेकॉर्डच्या सुरुवातीला असतो आणि या विंडो नेमका तोच भाग दाबतात.

टोकांशी दबलेली माहिती ओव्हरलॅपमुळे, म्हणजे आधीच्या रेकॉर्डचा काही भाग पुढच्यात पुन्हा घेतल्यामुळे, पुन्हा हिशेबात येते. ज्या चार ॲव्हरेजना 32 सेकंद लागले असते, ती 50 टक्के ओव्हरलॅपने 20 सेकंदांत होतात. 75 टक्क्यांवर ॲव्हरेजचा आकडा भराभर वाढतो, पण त्याच नोटा पुन्हा मोजून गल्ल्यातली रक्कम वाढत नाही.

म्हणून मशिनला काय विचारायचं ते ठरल्याशिवाय मी सेटिंगला हात लावत नाही. रिपोर्टवर विंडो, लाइन्स आणि ओव्हरलॅप न चुकता लिहितो. पुढच्या हंगामात सुळका वाढलेला दिसला, तर बदल मशिनमध्ये झाला की मोजण्यात, हे त्या एका ओळीवरून ठरवता येतं.