वाडीचा सातबारा

वसईकडे वाडी घ्यावयास येणारा रस्ता पाहतो, सातबारा पाहतो. बुजवलेले बावखल त्यास कोण दाखवणार? परवा एक गृहस्थ व्यवहाराआधी आशीर्वाद मागावयास आले. उताऱ्यावर तिघा भावांचीच नावे. "आणि बहिणी?" आम्ही विचारले. "फादर, त्यांची तर लग्ने झाली!" मृत्युपत्र नसल्यास, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलामुलींस सारखाच वाटा मिळतो, हे आम्ही त्यांस सांगितले खरे, पण जीभ अडखळली. वडिलांच्या वाडीच्या हक्कसोडपत्रावर आमच्या बहिणीची सही घेताना लेखणी आम्हीच पुढे केली होती. तिथे आज चार मजली इमारत आहे. बहीण नाताळात अजून आम्हांस सांदणे पाठवते. वाडीविषयी चकार शब्द काढीत नाही.