रामघाटावरील निर्माल्य

उज्जयिनीला पहाटे रामघाटावर उतरलो, तेव्हा हातात घरच्या देवांच्या निर्माल्याची पिशवी होती. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते नदीत सोडावे, हा आईचा शिरस्ता. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. त्यामुळे या नगरीत आपण परके आहोत असे कधी वाटत नाही.

क्षिप्रेच्या कडेला कुजलेला झेंडू पाहिला आणि हात आवरला. फुले कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. येथे आता मंदिरांतील व घाटांवरील फुले गाड्यांतून गोळा होतात. शिवअर्पण बचत गटातील स्त्रिया त्यांपासून उदबत्त्या तयार करतात. पाकळ्या वाळवून त्यांची पूड मळावयाची आणि काडीवर वळावयाची, अशी ही कृती. उरलेल्या देठ-पानांचे खत करता येते. मात्र दोरा व प्लॅस्टिक आधी वेगळे काढावे लागते. 2028 च्या सिंहस्थात येथे अलोट गर्दी होईल. तेव्हा या व्यवस्थेची खरी कसोटी लागेल.

पायरीवर बसून मी हारांचे दोरे सोडविले आणि फुले संकलनाच्या टोपलीत ठेवली. आईचा शिरस्ता मोडल्यासारखे वाटले नाही. फूल पायदळी आले नव्हते, आणि पुन्हा देवापुढेच दरवळणार होते.