बुरुजाचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात 'आयशर' हे आता एका कंपनीपुरते नाव राहिलेले नाही. टोमॅटोच्या जाळ्या वाहणारी मध्यम आकाराची कोणतीही गाडी, तिच्या तोंडावर कोणतेही बोधचिन्ह असो, बाजार समितीच्या आवारात आयशर म्हणूनच ओळखली जाते. बोलण्यापुरते हे ठीक. खरेदीच्या वेळी मात्र सारख्याच दिसणाऱ्या चार गाड्यांतून एक निवडायची असते, आणि तेथे लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील तो बुरूज बांधणारा मनुष्य आठवतो. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास पाया घालूनच थांबावे लागेल आणि लोक हसतील, असे प्रभू येशू त्याच्याविषयी सांगतात. गाडीच्या बाबतीत लोक हसत नाहीत. पतसंस्थेची नोटीस येते.

या गाड्या एकमेकींसारख्या असण्यास इतिहास आहे. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने हलके ट्रक बांधणारे चार कारखाने आपल्या देशात उभे राहिले: डी.सी.एम. टोयोटा, ऑलविन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. त्यांना उत्तर म्हणून टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ बाजारात आणली. पुढे टोयोटाची जागा देवूने घेतली आणि तोही कारखाना बंद पडला. ऑलविन महिंद्रांकडे गेली. स्वराज माझदा इसुझुच्या नावाने चालून २०२५ मध्ये महिंद्रांच्याच घरी आली. आयशरने २००८ मध्ये व्होल्व्होशी हातमिळवणी केली. ४०७ अजून धावते आहे. कंपनी बदलते किंवा बुडते तेव्हा तिच्या गाडीचा मालक मात्र हप्ते फेडीतच असतो आणि सुट्या भागांसाठी गावोगाव फिरतो, एवढे या वंशावळीतून ध्यानात घ्यावे.

गाडी घेतल्यावर हार घालून, पेढे घेऊन आशीर्वादासाठी येणारी कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत. घेण्यापूर्वी येणारी विरळा. निफाड तालुक्यातील तीन भाऊ तसे आले, तेही आईला सोबत घेऊन. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने घरात गाडीचा विषय निघाला होता. तारण राहणार होती ती आईच्या नावावरील जमीन. "फादर, हे इंग्रजी तुम्हीच वाचून सांगा," म्हणत थोरल्याने तीन कंपन्यांची माहितीपत्रके आमच्यापुढे ठेवली. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु शब्दांचा अर्थ काटेकोरपणे लावण्याची सवय तेथे लागते आणि ती येथे कामी आली.

माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा बहुधा एकूण वजनाचा असतो. त्यात गाडी आली, हौदा आला, चालक आणि क्लीनर आले. उरेल तो माल. समजा एकूण वजन ७००० किलो आणि हौद्यासह रिकामी गाडी ३००० किलो. मग माल भरावयाचा तो ४००० किलो, म्हणजे वीस किलोच्या दोनशे जाळ्या. त्यांतूनही रिकाम्या जाळ्यांचे व माणसांचे वजन वजा. आता मजबुतीच्या हौसेने जाड पत्र्याचा हौदा बांधून गाडी २०० किलोंनी जड केली, की दर फेरीस दहा जाळ्या कमी झाल्या. वर्षाला दीडशे फेऱ्या धरा: दीड हजार जाळ्या. इंजिनाच्या ताकदीवर तासभर वाद घालणारे भाऊ या हिशेबापाशी गप्प झाले.

हौद्याची लांबी हा त्याहून नाजूक विषय. टोमॅटोच्या जाळ्या जागा पुष्कळ खातात, त्यामानाने वजन कमी. कांद्याच्या गोण्यांचे उलट आहे. पन्नास किलोच्या ऐंशी गोण्यांतच ४००० किलो पुरे होतात आणि लांब हौद्यात मोकळी जागा डोळ्यांना खुपत राहते. व्यापारी म्हणतो, अजून दहा टाका. या कुटुंबाचा टोमॅटोचा हंगाम चार महिन्यांचा. बाकीचे वर्ष कांद्याचे. धाकट्याला लांब हौदा हवा होता. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेस सगळे नातलग त्यातून आणता येतील, हेही त्याने उत्साहाने सांगितले. आम्ही त्यास तेथेच थांबविले. मालवाहू गाडीतून असे लोक नेण्यास कायद्याची मुभा नाही, आणि अपघात घडल्यास विमा कंपनी त्यांचा भार उचलण्यास बांधील नसते.

परवान्याचा प्रश्न थोडक्यात सुटला. मधल्याकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे. ७५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी त्याच परवान्यावर चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तेव्हा त्या रेषेपलीकडची एक गाडी यादीतून गेली. दुसरी गेली ती दुरुस्तीच्या पायी. किमतीने ती सर्वांत स्वस्त होती. जुनी ४०७ झाडाखाली उघडून नीट करता येई. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-सहाच्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आहेत आणि बिघाड शोधण्यास संगणक लागतो. कंपनीचे दुरुस्तीकेंद्र घरापासून किती दूर, हे आमच्या मते किमतीहून मोठे. भरलेले टोमॅटो वाट पाहत नाहीत.

आईने विचारले ते निराळेच: "कसाऱ्याच्या घाटात ब्रेक लागतील ना?" लागतील, परंतु पासिंगइतका माल असेल तर आणि खालच्या गियरमध्ये उतरेल तर. जादा भाराने उतरताना ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाल्याने बोगद्यातून जाता येते. तथापि तेथे टोल आहे, आणि टोल वाचविणारे घाटानेच जातात. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात बेदरकार वेगाने वाहन हाकून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हे पाचव्या आज्ञेखाली गंभीर दोष म्हणून नोंदले आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील माणसांच्या आध्यात्मिक सेवेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढून चालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या. जादा दहा गोण्यांना आम्ही याच सदरात धरतो, आणि पापनिवेदनाच्या वेळी या गोण्या क्वचितच कुणास आठवतात.

चालकाची केबिन आम्ही आग्रहाने पाहावयास सांगितली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. विक्रेते तिचा उल्लेख चैनीच्या वस्तूसारखा करतात. वाशीच्या बाजारात पहाटे पोहोचून, माल उतरवून भर उन्हात परतणाऱ्या माणसाला ती चैन वाटणार नाही. आई स्वतः शोरूममध्ये जाऊन चालकाच्या जागेवर बसून आली, पाठ टेकवून, असे नंतर कळले.

सौदा अजून ठरलेला नाही. हौदा आखूड घ्यावयाचा, यावर धाकटा कसाबसा राजी आहे. मधल्याने विक्रेत्याकडे त्याच बांधणीच्या रिकाम्या गाडीची भुईकाट्यावरील वजनपावती मागितली आहे. माहितीपत्रकात सगळे आहे, असे विक्रेता म्हणतो. पावती पाहिल्याशिवाय इसार देणार नाही, असे भाऊ म्हणतात.