विहिरीचा ताप

गेल्या दिवाळीतली गोष्ट. मुकुटबनच्या आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे मंडळी उटण्याच्या वाट्या शोधत होती आणि मी विहिरीच्या काठावर वाकून दोराने बादली खाली सोडत होतो. बादलीत थर्मामीटर बांधला होता. मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती थर्मामीटर ही मुळातच संशयास्पद गोष्ट. आई मागून म्हणाली, “काहून रे बापू, तिले ताप आला काय?”

हा उद्योग माझा नव्हे, भाच्याचा. तो जर्मनीत कार्ल्सरूहला शिकतो. शहराखालच्या जमिनीत किती उष्णता साठली आहे, ती कोठून आली आणि कोठे चालली आहे याचे गणित मांडणे हा त्याचा अभ्यास. आमची विहीर बुजवायची ठरली हे कळताच त्याने निरोप धाडला, “मामा, बुजवण्यापूर्वी एकदा हिवाळ्याच्या तोंडी आणि एकदा भर उन्हाळ्यात तिचे पाणी मोजून ठेवा.”

आता खरे सांगायचे तर विहीर बुजवायला मीही संमती दिली होती. धाकट्या भावाला दोन खोल्या वाढवायच्या होत्या. त्यांतली एक माझ्यासाठी, निवृत्तीनंतर येऊन राहण्याकरिता. बोअरचे पाणी घरात आलेले, विहीर अंगणात मधोमध. त्याने फोनवर विचारले आणि मी अर्ध्या मिनिटात ‘हो’ म्हटले. आईला विचारायचे मात्र दोघांच्याही मनात आले नाही.

त्या पहाटे हवा १९ अंश होती, बादलीतले पाणी २८. मे महिन्यात पुन्हा गेलो. सावलीत पारा ४५ वर होता, झाडावरचे पाखरू हलत नव्हते. आणि पाणी पुन्हा २८, फार तर अर्धा अंश अधिक! आई आयुष्यभर सांगत आली की, आपली विहीर थंडीत ऊन अन् उन्हाळ्यात गार. गंमत अशी की, विहीर यातले काहीच करीत नाही. ती जागच्या जागी असते. बदलतो तो आपला अंगचा अनुभव.

भाच्याने मग मला शिकवणी दिली. उन्हाळ्याची ऊब जमिनीत फार सावकाश उतरते. सात-आठ मीटर खाली पोहोचायला तिला सुमारे सहा महिने लागतात, म्हणजे वर थंडी पडते तेव्हा खाली उन्हाळा येतो. पण तोवर तो इतका क्षीण झालेला असतो की जाणवतच नाही. त्याखाली जमीन वर्षाची सरासरी धरून बसते. पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात, सुमारे २८ मीटर खोल, लाव्हाझिएने बनवलेला उष्णतामापक १७८३ साली ठेवला गेला. त्याचा पारा उन्हाळा-हिवाळा ओळखतच नसे. आणखी खाली गेले की पृथ्वीच्या पोटातली उष्णता लागते, साधारण दर तीस-पस्तीस मीटरला एक अंश. आमच्याकडे ‘जमिनीची ऊब’ म्हटले की पैनगंगेकाठच्या उनकेश्वराचे झरे आठवतात. ते खोल जाऊन आलेले पाणी. आमच्या विहिरीचे तसे नव्हे.

शहरांची कथा निराळी. तिथे तळघरे, गटारे, भुयारी रेल्वे, डांबरी रस्ते, सारे जमिनीला तापवीत असतात. कोलोन, बर्लिन, कार्ल्सरूह या शहरांखालचे पाणी भोवतालच्या खेड्यांपेक्षा काही अंश उष्ण आढळले आहे. लंडनच्या भुयारांभोवतीची चिकणमाती शंभराहून अधिक वर्षे गाड्यांची उष्णता पीत आली. तिथल्या इस्लिंग्टन भागात २०२० पासून भुयारी रेल्वेच्या हवेतली उष्णता पंपाने काढून शेकडो घरे उबदार ठेवतात. आपण टाकून दिलेले कोणीतरी जपून ठेवावे आणि अडचणीच्या वेळी परत द्यावे, असा हा व्यवहार.

“मग आपल्याकडे काय उपयोग? आम्हांला ऊब नको, गारवा हवा,” मी म्हणालो. तो म्हणाला, “पंप उलटा चालतो, मामा. घरातली उष्णता ४५ अंशांच्या हवेत ढकलण्यापेक्षा २८ अंशांच्या जमिनीत ढकलणे सोपे. वीज कमी लागते. पण साऱ्या गल्लीने तेच केले तर जमीनही तापत जाईल. म्हणून आधी गणित हवे.” ते गणित असे : शहराखालची जमीन संगणकात हजारो चौकोनी तुकड्यांत मांडायची, कोठे खडक, कोठे माती, पाणी कोणीकडे वाहते ते भरायचे, वरून घरांची नि रस्त्यांची उष्णता सोडायची आणि वर्षामागून वर्षे पुढे सरकवायची. शेवटी उत्तर खरे की खोटे हे पाहायला काय लागते? जमिनीत उतरलेली एखादी विहीर आणि थर्मामीटर! विहिरीच बुजल्या तर संगणकाला ‘चूक’ म्हणणारे कोणी उरत नाही.

हे ऐकताना मला उगीच ओशाळल्यासारखे झाले. विहिरीविषयी बोलायला कार्ल्सरूहचा भाचा, माझी संमती, भावाचा नकाशा. आणि साठ वर्षे तिचे पाणी शेंदणारी बाई घरातच बसलेली. त्याच संध्याकाळी आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मले काय विचारता? ठरवून बसले ना तुमी.” थोड्या वेळाने, वर न पाहता, “तुह्ये बाबा दरसाल गाळ काढाले सोता उतरत होते.”

एवढेच. रात्री मी भावाला म्हटले, माझी खोली काढून टाक. तो चिडला, आणि त्याचे चिडणे वाजवीच होते. नकाशा पुन्हा काढण्याचा खर्च त्याच्याच माथी पडला. आता एकच खोली होते आहे, विहिरीवर लोखंडी जाळी बसली आहे, आणि म्हातारपणी मी कोठे टेकणार हा प्रश्न तसाच आहे.

यंदाच्या दिवाळीलाही बादली सोडायची आहे. परवा आईचा फोन आला. गावची खबरबात झाली, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, “येशील तवा थर्मामीटर इसरू नको. तिचा ताप पाहाचा हाय.”